बर्फावर जिंकला, डांबरावर गेला: हेन्री टोइवोनेन आणि टायरच्या पकडीची गोष्ट

नवी गाडी घेताना आपण पहिल्यांदा काय विचारतो? पॉवर किती? मग मायलेज, मग सनरूफ आहे का. टायर कोणते आहेत, हे विचारणारा माणूस मला तरी क्वचितच भेटतो. पण गाडी आणि रस्ता यांच्यात जे काही नातं आहे, ते फक्त चार टायरच्या तळव्यांमधून जातं. एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण आपल्या तळहाताएवढा असतो. इंजिन ५०० हॉर्सपॉवरचं असो वा ५०चं, सगळा कारभार या चार तळहातांवर चालतो.

हे समजून घ्यायचं असेल तर बर्फावर वेगात गाडी चालवणाऱ्यांकडे पाहावं, कारण तिथे लपवाछपवी चालत नाही. म्हणून आज आपण फिनलंडचा रॅली ड्रायव्हर हेन्री टोइवोनेन याची गोष्ट पाहणार आहोत. अवघ्या २९ वर्षांच्या आयुष्यात त्याने जे केलं आणि त्याच्यासोबत जे घडलं, त्यातून टायर, पॉवर आणि माणूस यांचं गणित जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही पाठ्यपुस्तकात दिसणार नाही, असं मला वाटतं.

वडिलांची जिंकूनही न जिंकलेली रॅली

हेन्रीचा जन्म २५ ऑगस्ट १९५६ रोजी फिनलंडमधल्या युवॅस्कुला या गावात झाला. हे गाव म्हणजे तिथल्या रॅलीची पंढरीच. दर उन्हाळ्यात थाउजंड लेक्स रॅली याच गावाभोवतीच्या जंगलातून धावायची. वडील पाउली टोइवोनेन हे स्वतः मोठे रॅली ड्रायव्हर, १९६८चे युरोपियन चॅम्पियन. धाकटा भाऊ हॅरीही पुढे रॅलीतच उतरला. घरात दुसरा विषयच नव्हता म्हणा ना! हेन्री पाच वर्षांचा असतानाच गाडी चालवायला शिकला होता.

तो नऊ वर्षांचा असताना एक प्रकार घडला. जानेवारी १९६६च्या मॉन्टे कार्लो रॅलीत पहिले तिन्ही नंबर छोट्याशा मिनी कूपर गाड्यांनी पटकावले. पण तपासणीत आयोजकांनी त्यांच्या हेडलाइटच्या बल्बवर बोट ठेवलं, नियमात बसत नाहीत म्हणून तिघांना बाद केलं. चौथ्या नंबरची फोर्डही बाद झाली. विजेतेपद आलं सिट्रोएन डीएस चालवणाऱ्या पाउली टोइवोनेन यांच्याकडे. युरोपभर गदारोळ झाला. खुद्द पाउलींनाही असं मिळालेलं यश गोड लागलं नाही. त्यानंतर त्यांनी सिट्रोएनसाठी पुन्हा गाडी चालवली नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. मिनी काय किंवा सिट्रोएन काय, दोन्ही फ्रंट व्हील ड्राइव्ह. इंजिनचं वजन पुढच्या चाकांवर आणि गाडी ओढणारी चाकंही पुढचीच. वजन जास्त तर दाब जास्त, दाब जास्त तर घसरड्या रस्त्यावर पकड जास्त. त्या काळात कितीतरी जास्त ताकदीच्या गाड्या बर्फात नुसती मागची चाकं फिरवत राहायच्या आणि ही चिमुकली मिनी त्यांच्या पुढे निघून जायची. म्हणजे पॉवर असून भागत नाही, ती रस्त्याला पोचवता आली पाहिजे.

आधी थोडं गणित: बर्फावर पकड किती उरते?

पकड मोजायला घर्षणांक वापरतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो साधारण ०.८, चेपलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि गुळगुळीत गोठलेल्या बर्फावर ०.१च्या आसपास येतो. ऐकायला हे आकडे साधे वाटतात. आता ताशी ५० किलोमीटर वेगाने ब्रेक दाबून पाहू. ड्रायव्हरला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ सोडून दिला तरी कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबेल, चेपलेल्या बर्फावर सुमारे ४० मीटर लागतील आणि गुळगुळीत बर्फावर जवळजवळ १०० मीटर. तीच गाडी, तोच ब्रेक, तोच माणूस. बदलला तो फक्त रस्ता.

मग विंटर टायर नक्की काय करतात? तीन गोष्टी.

पहिली गोष्ट रबराची. नेहमीच्या टायरचं रबर तापमान ७ अंशांच्या खाली जाऊ लागलं की कडक होऊ लागतं. फ्रीजमधून काढलेलं लोणी पोळीवर पसरत नाही, तसं कडक रबर रस्त्याच्या खाचखळग्यांत शिरत नाही. विंटर टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण असं ठेवतात की ते थंडीतही मऊ राहावं.

दुसरी गोष्ट नक्षीची. विंटर टायरच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक चिरा असतात. बर्फ त्या चिरांत आणि खाचांत घट्ट बसतो. ओली वाळू मुठीत दाबली की तिचा कसा लाडू वळतो, तसंच. आणि बर्फाला बर्फ रबरापेक्षा चांगला धरतो. म्हणून टायरच्या खाचांत अडकलेला बर्फ ही अडचण नसून तीच पकड असते.

तिसरी गोष्ट खिळ्यांची, म्हणजे स्टडची. गोठलेल्या बर्फात मऊ रबराचाही फार उपयोग होत नाही. तिथे टंगस्टन कार्बाइडचं टोक असलेले खिळे बर्फात रुततात. आजच्या स्वीडन रॅलीत एकेका टायरला ३८४ खिळे असतात. शिवाय ते टायर चक्क अरुंद असतात. पावसाळ्यात चिखलातून जाणारी बैलगाडी आठवा. तिचं अरुंद चाक वरचा चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतं. बर्फातला रॅली टायरही तेच करतो, वरचा भुसभुशीत बर्फ कापून खालच्या कठीण थरावर खिळे रोवतो.

आणखी एक गंमत. सर्वांत निसरडा बर्फ कडाक्याच्या थंडीतला नसतो, तो शून्य अंशाच्या आसपासचा असतो, कारण तेव्हा त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २० अंशांत बर्फ त्यामानाने चांगला धरतो. फिनलंडची पोरं हे सगळं शाळेत न जाता शिकतात. हेन्री त्यातलाच.

सर्किटवरून जंगलात

गंमत म्हणजे हेन्रीची सुरुवात बंदिस्त सर्किटवर झाली. आधी कार्टिंग, मग फॉर्म्युला व्हीच्या शर्यती. त्याची एक जुनी कार्ट पुढे एका कुटुंबाने आपल्या मुलासाठी विकत घेतली. तो मुलगा म्हणजे मिका हाकिनेन, १९९८ आणि १९९९चा फॉर्म्युला वन विश्वविजेता! पण सर्किट रेसिंग धोक्याचं, त्यापेक्षा रॅली बरी, असा घरच्यांचा सूर होता. त्यामुळे हेन्री हळूहळू रॅलीकडे वळला. पुढे काय घडलं हे माहीत असल्यामुळे हे वाक्य लिहिताना मला चुटपुट लागते.

१९७५ साली, १९ वर्षांचा असताना, तो सिम्का गाडीतून आपल्या गावच्या थाउजंड लेक्स रॅलीत पहिल्यांदा जागतिक पातळीवर उतरला. १९८० साली टॅलबॉट कंपनीच्या टीमने त्याला घेतलं. गाडी होती सनबीम लोटस: २.२ लिटरचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. वर्षाची सुरुवात त्याने उत्तर ध्रुववृत्तावरच्या रोव्हानिएमीत होणारी आर्क्टिक रॅली जिंकून केली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनची आरएसी रॅली जिंकली. वय वर्षं २४. जागतिक रॅली जिंकणारा तो सर्वांत तरुण ड्रायव्हर ठरला आणि हा विक्रम २००८ पर्यंत टिकला. तो मोडला यारी-मट्टी लाट्वाला या दुसऱ्या फिनिश पोराने, स्वीडन रॅलीत.

मागची चाकं ढकलणारी गाडी बर्फावर जोरात चालवायची तर एक कसब लागतं. डावीकडे वळायचं असेल तर आधी क्षणभर उजवीकडे स्टिअरिंग द्यायचं, मग झटकन डावीकडे. लंबकासारखी गाडी झोका घेते आणि वळण यायच्या आधीच तिचं तोंड वळणाच्या आतल्या बाजूला फिरलेलं असतं. याला स्कँडिनेव्हियन फ्लिक म्हणतात. दुसरं कसब डाव्या पायाने ब्रेक मारण्याचं. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच, डाव्याने ब्रेकला हलकासा स्पर्श. वजन पुढच्या चाकांवर येतं, पुढे पकड वाढते आणि गाडी वळते. आपल्याला वाटतं की हे लोक गाडी घसरवतात म्हणजे ताबा सुटलाय. उलट आहे. घसरणार हे नक्की असेल तर कधी आणि कुठे घसरायचं, ते आपणच ठरवलेलं बरं!

चारही चाकं ढकलू लागली

१९८१ साली ऑडी क्वाट्रो जागतिक रॅलीत आली आणि सगळा खेळच बदलला. फेब्रुवारीत स्वीडनच्या बर्फात हानू मिकोलाने ती जिंकवून दाखवली. टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद. पण तंत्रज्ञान आलं म्हणजे टायरचा कायदा रद्द होत नाही. १९८२च्या मॉन्टे कार्लोला रस्ते बऱ्यापैकी कोरडे होते आणि तिथे वॉल्टर रोर्लने मागच्या चाकांवर चालणाऱ्या ओपेल आस्कोनात बसून क्वाट्रोला हरवलं. फोर व्हील ड्राइव्हचा खरा फायदा पकड कमी असते तिथे, आणि तोही वेग वाढवताना. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. त्यामुळे थांबताना फोर बाय फोर गाडीला काहीही जास्तीचं मिळत नाही.

हे वाक्य जरा लक्षात ठेवा. पुण्या-मुंबईहून हिवाळ्यात मनाली, सोलांग, सिस्सूकडे मोठ्या एसयूव्ही घेऊन जाणारे आपले कितीतरी लोक इथेच फसतात. चढ आरामात चढतो म्हणून धीर येतो आणि उतारावर तीच गाडी साबणाच्या वडीसारखी खाली निघते. आपल्याकडे विंटर टायर सहज मिळत नाहीत, तेव्हा साखळ्या बांधणं आणि वेग अगदी कमी ठेवणं हाच उपाय. जर्मनी, स्वीडन, कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींना मात्र हिवाळा आला की टायर बदलायचे, हे पाठ झालेलं असतं.

हेन्री या काळात ओपेल, मग पोर्शे आणि लॅन्सिया अशा टीमसाठी चालवत होता. वेग होता, पण नशीब साथ देत नव्हतं. गाडी बिघडायची किंवा अपघात व्हायचा. १९८५मध्ये सार्डिनियातल्या एका रॅलीत त्याला मोठा अपघात झाला, मानेचे मणके मोडले. काही महिने तो बाहेर होता. उरलेलं करिअर संपलं असंच कुणालाही वाटलं असतं. पण त्याच वर्षी तो परत आला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा आरएसी रॅली जिंकला, पहिल्या विजयानंतर पाच वर्षांनी. गाडी नवी होती, तिची ती पहिलीच रॅली. नाव लॅन्सिया डेल्टा एस४.

एस४: आजही अंगावर येणारी गाडी

त्या काळी रॅलीत ग्रुप बी नावाचा वर्ग होता. २०० गाड्या बनवल्या की कंपनीला जवळजवळ काहीही करायची मुभा. नियमानुसार टर्बो इंजिनाची क्षमता १.४ ने गुणून धरायची. लॅन्सियाच्या इंजिनिअरांनी इंजिन बरोब्बर १७५९ सीसीचं केलं, म्हणजे गुणाकार अडीच लिटरच्या आत बसतो आणि गाडीचं किमान वजन ८९० किलो ठेवता येतं. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, सांगाडा नळ्यांचा, अंग हलक्या काँपोझिटचं, आणि पॉवर ४८०च्या आसपास. आजच्या एखाद्या छोट्या हॅचबॅकच्या वजनाच्या गाडीला तिच्या सहापट ताकद द्या, साधारण तसं.

पण मला या गाडीतली सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते ती म्हणजे तिचे दोन पंप. नुसता टर्बो असेल तर कमी फेऱ्यांवर इंजिन झोपलेलं असतं आणि मग एकदम सगळी ताकद येऊन आदळते. कोरड्या रस्त्यावर हे एक वेळ चालतं. बर्फावर टायरची पकड इतकी थोडी असते की ताकद अचानक आली की चारही चाकं जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून एस४मध्ये टर्बोच्या जोडीला सुपरचार्जर दिला. तो इंजिनाच्याच ताकदीवर चालतो, त्यामुळे कमी फेऱ्यांवरही लगेच हवा भरतो. वरच्या फेऱ्यांवर टर्बो सूत्रं हाती घेतो. परिणाम असा की ताकद प्रचंड, तरी ती पायाखालून सलग येते. निसरड्या रस्त्यावर सलगपणा हाच अर्धा टायर असतो.

मॉन्टे कार्लो १९८६

मॉन्टे कार्लो ही बर्फाची रॅली असं म्हणतात, पण खरा त्रास बर्फाचा नसतो, सरमिसळीचा असतो. आल्प्सच्या घाटात एकाच स्टेजमध्ये खाली कोरडं डांबर, मध्ये ओला रस्ता, वर १६०७ मीटरवर तुरिनी खिंडीत बर्फ आणि सावलीतल्या वळणावर काचेसारखा गोठलेला थर. टायर मात्र एकच निवडायचा. खिळ्यांचा घेतला तर कोरड्या डांबरावर खिळे उखडतात, टायर तापतो, वेळ जातो. गुळगुळीत रेसिंग टायर घेतला तर खिंडीत काय होईल, सांगायला नको. म्हणून प्रत्येक टीमची माणसं स्टेज सुरू व्हायच्या आधी तो रस्ता फिरून येतात आणि कुठल्या वळणावर बर्फ आहे ते को-ड्रायव्हरच्या वहीत नोंदवतात. रात्रीत तापमान दोन अंशांनी घसरलं तरी ती वही जुनी होते!

हेन्रीसोबत को-ड्रायव्हर होता सर्जियो क्रेस्टो. दोन स्टेजच्या मधल्या साध्या रस्त्यावर त्यांची एका सामान्य गाडीशी टक्कर झाली, एस४ला मार बसला. मेकॅनिकांनी हाती असलेल्या थोड्याशा वेळात ती ठाकठीक करून पुन्हा रस्त्यावर आणली. तिथून पुढे हेन्रीने आदल्या वर्षीचा विश्वविजेता टिमो सालोनेन याच्यावर चार मिनिटांची आघाडी घेऊन रॅली जिंकली. बरोबर २० वर्षांपूर्वी वडिलांना ज्या रॅलीचं विजेतेपद मिळूनही मान मिळाला नव्हता, तीच ही रॅली. या वेळी कुठला वाद नाही, कुठला बल्ब नाही. टोइवोनेन नावावरचा डाग धुतला गेला, अशीच घरातली भावना होती.

कॉर्सिका: इथे पकड भरपूर होती

तीन महिन्यांनी, मे १९८६मध्ये, कॉर्सिका बेटावर रॅली होती. बर्फ नाही, चिखल नाही. कोरडं डांबर, चिकटून बसणारे गुळगुळीत टायर, पण रस्ता अरुंद आणि वळणांमागून वळणं. हेन्रीला सर्दी-तापाने घेरलं होतं, तरी तो आघाडीवर होता. २ मेच्या दिवशी १८व्या स्टेजवर एका डाव्या वळणावर गाडी रस्ता सोडून दरीत गेली. इंधनाच्या टाक्या सीटच्या खाली होत्या. त्या फुटल्या आणि आग लागली. हेन्री आणि सर्जियो दोघेही गेले. आगीनंतर गाडीचा काळा पडलेला सांगाडाच उरला होता. जवळून पाहणारं कुणी नव्हतं, त्यामुळे चूक झाली की काही तुटलं, हे कधीच ठरलं नाही. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच तारखेला, त्याच रॅलीत लॅन्सियाचाच अत्तिलिओ बेतेगा गेला होता. हेन्रीच्या मागे पत्नी आणि दोन लहान मुलं राहिली.

काही तासांतच जागतिक संघटनेचे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांनी जाहीर केलं की १९८७पासून ग्रुप बी बंद.

मी या घटनेचा बराच विचार केला आहे. निसरड्या बर्फावर न हरलेला माणूस कोरड्या रस्त्यावर का जावा? मला सापडलेलं उत्तर असं. बर्फावर टायर सतत बोलत असतो. पकड इतकी थोडी असते की गाडी हळूहळू सुटते, ड्रायव्हरला सावरायला वेळ मिळतो, आणि ताकद कितीही असली तरी टायर तिला रस्त्यावर उतरूच देत नाही. कोरड्या डांबरावर तोच टायर सगळी ताकद रस्त्याला देतो. वेग वाढतो, वळणं भराभर येतात आणि मर्यादा ओलांडली गेल्याचं कळेपर्यंत वेळ संपलेली असते. ग्रुप बीमध्ये इंजिन, टर्बो, फोर व्हील ड्राइव्ह सगळं पुढे गेलं. सुरक्षितता मात्र मागे राहिली: टाक्या सीटखालीच होत्या आणि रस्त्याकडेला कठडा नव्हता. डोळ्यांनी पाहून हाताने स्टिअरिंग फिरवायला माणसाला जितका वेळ लागतो, तो काही कमी झाला नव्हता.

त्याच्या नावाने आजही

१९८८ साली मिशेल मूटाँ आणि फ्रेडरिक जॉन्सन यांनी हेन्रीच्या स्मरणार्थ रेस ऑफ चॅम्पियन्स ही स्पर्धा सुरू केली. वेगवेगळ्या शर्यतींचे विजेते एकसारख्या गाड्यांत बसून एकमेकांना भिडतात, आणि विजेत्याला मिळणाऱ्या चषकावर हेन्रीचं नाव आहे. २०२२मध्ये ही स्पर्धा स्वीडनमधल्या पीते हाव्सबाद इथे गोठलेल्या समुद्रावर झाली, खिळ्यांच्या टायरवर. सेबास्तियाँ लोबने ती जिंकली. हेन्रीच्या नावाची स्पर्धा शेवटी बर्फावर आली, हे मला फार योग्य वाटतं.

आता तुमच्या-माझ्या कामाचं. पुढच्या वेळी गाडी घेऊन डोंगरात जाल, तेव्हा निघायच्या आधी खाली वाकून टायर पाहा. खाचा किती उरल्या आहेत, हवा किती आहे, टायरवर बनवल्याची कोणत्या वर्षाची तारीख आहे. बोनेटखाली काय आहे ते नंतर. घाटातल्या ओल्या वळणावर तुम्हाला धरून ठेवणार आहेत ते फक्त हे चार तळहात.